जुन्या गाडीचे ब्रेक सिलिंडर: किट घालायचं, स्लीव्ह मारायची की नवीन घ्यायचं?

पावसाळाभर शेडमध्ये उभी असलेली ओम्नी, मारुती ८००, सुमो नाहीतर अँबॅसिडर गणपतीच्या तोंडावर बाहेर काढली की दोनपैकी एक दुखणं हमखास निघतं. पेडल पार तळाला जातं, किंवा एखादं चाक जाम होऊन जागचं हलत नाही. बेळगावजवळच्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यात तर हे दर वर्षीचं. मग गाडी गॅरेजला जाते आणि चाक खोलायच्या आतच उत्तर मिळतं. एक मेस्त्री म्हणतो, “किट घालून बघू की, चाललं तर चाललं.” दुसरा म्हणतो, “कशाला डोक्याला ताप, नवीनच बसवा.” दोघांपैकी कुणीही सिलिंडर उघडून बघितलेला नसतो. किट म्हणजे सिलिंडरच्या आतली नवी रबरं, कधी पिस्टनसकट; स्लीव्ह म्हणजे खराब झालेल्या सिलिंडरमध्ये दाबून बसवलेली धातूची नळी.

ज्यांनी नुकतीच जुनी गाडी घेतली आहे, किंवा वडिलांची गाडी भंगारात न घालता चालू ठेवायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. सगळं स्वतःच्या हातानं करा असं माझं म्हणणं नाही. ब्रेकला पहिल्यांदा हात लावणाऱ्यानं जाणता मेस्त्री शेजारी घेऊनच काम करावं. पण मेस्त्रीपुढे उभं राहून काय विचारायचं आणि काय बघायचं, एवढं गाडीच्या मालकाला यायलाच हवं. माझं सांगणं एका वाक्यात मावतं: रबर कधीही बदलता येतं, निर्णय धातू बघून घ्यायचा, आणि धातू कसा आहे ते सिलिंडर उघडून, धुऊन, बॅटरीच्या उजेडात बघितल्याशिवाय कळत नाही.

आत असतं काय

पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधला पिस्टन ब्रेक ऑईल पुढे ढकलतो. तो दाब पाइपांतून चारही चाकांना जातो. ड्रम असेल तिथे व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर येऊन लायनर, म्हणजे घर्षणाच्या पट्ट्या, ड्रमवर दाबतात, डिस्क असेल तिथे कॅलिपरचा पिस्टन पॅड दाबतो. ज्या गाड्यांचा क्लच तारेवर चालत नाही, त्यांना क्लचचा वेगळा मास्टर आणि गिअरबॉक्सजवळ स्लेव्ह सिलिंडर असतो. तत्त्व तेच.

मास्टर आणि व्हील सिलिंडरमध्ये पिस्टनच्या तोंडाशी रबरी कप असतो. सायकलच्या पंपातला वायसर जसा दाब आला की फाकून नळीला चिकटतो, तसंच या कपाचं काम. कपाची कड नाजूक असते आणि समोरची भिंत, म्हणजे बोअर, आरशासारखी गुळगुळीत असेल तोवरच ती ऑईल धरून ठेवते.

ही भिंत खराब होते ती पाण्यानं. ब्रेक ऑईल ग्लायकोलचं असतं आणि ते हवेतला ओलावा शोषून घेतं. मास्टरवरच्या ऑईलच्या टाकीच्या झाकणातून, रबरी होजच्या (नळीच्या) भिंतीतून ओलावा आत शिरत राहतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत जेवढं पाणी असतं, त्यात दोन वर्षांत ऑईलचा रंग चहासारखा होतो आणि सिलिंडरच्या तळाशी गाळ बसतो. त्या गाळाखाली गंज धरतो, गंजाचे खड्डे पडतात आणि कप त्यावरून घासला की कड फाटते. दुसरा धोका उकळण्याचा. नवं डॉट ३ दर्जाचं ऑईल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर हाच आकडा १४० पर्यंत उतरतो. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५. चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून गाडी सोडली की चाकांजवळची उष्णता जुन्या ऑईलची वाफ करायला पुरेशी होते. वाफ दाबली जाते, पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही.

दुखणं नेमकं कुठलं

काहीही उघडण्याआधी गाडीलाच विचारा. इंजिन चालू ठेवून पेडलवर सारख्या जोरानं पाय दाबून धरा. पेडल हळूहळू खाली सरकतंय, पण टाकीतलं ऑईल कमी होत नाही आणि बाहेर कुठे ओल नाही, तर मास्टर आतल्या आत गळतोय. ऑईल कमी होतंय आणि एखाद्या टायरच्या आतल्या बाजूला ओला डाग दिसतोय, तर त्या चाकाचा व्हील सिलिंडर. ऑईल कमी होतंय पण डाग कुठेच नाही, तर मास्टर सोडवून बूस्टरच्या (पेडलचा जोर वाढवणाऱ्या डब्याच्या) तोंडाशी बघा; मागच्या सीलमधून ऑईल बूस्टरमध्ये जात असतं आणि बाहेर थेंबही दिसत नाही. पेडल स्पंजासारखं लागत असेल तर आधी एअर, म्हणजे पाइपांत शिरलेली हवा, काढून बघा. पेडल दगडासारखं कडक असेल तर बहुतेक वेळा बूस्टर किंवा त्याचा व्हॅक्यूम पाइप, सिलिंडरचा संबंध नाही. क्लचच्या पेडलखालची मॅट ओली असेल तर क्लचचा मास्टर.

चाक जाम असेल तेव्हा एक सोपी परीक्षा आहे. गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) घ्या आणि त्या चाकाचं ब्लीडिंग निप्पल, म्हणजे हवा काढायचा बारीक बोल्ट, थोडं सैल करा. ऑईल पिचकारीसारखं उडून चाक मोकळं झालं तर दाब अडकून राहिला होता: होज आतून सुजलाय किंवा मास्टरचं बारीक छिद्र बुजलंय. निप्पल उघडूनही चाक सुटलं नाही तर पिस्टन गंजून बसलाय, किंवा कॅलिपरच्या पिना अडकल्यात. एवढ्या परीक्षेनं नको तो पार्ट विकत घेणं टळतं.

उघडताना

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून चाकाखाली हात घालू नये. दोन घोड्या, आणि जमिनीवर असलेल्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ओंडके. ड्रममधली धूळ फुंकणीनं किंवा एअरनं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुप्फुसात जाऊन बसतो. पाण्यानं भिजवून पुसून घ्या.

निप्पल आणि पाइपचे नट गंजलेले असतात. आदल्या दिवशी संध्याकाळी गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा आणि उघडताना साधा फिक्स पाना न लावता सहा कडांचा बॉक्स पाना घ्या. पाइपच्या नटाला फ्लेअर पाना. निप्पल तुटलं की दुरुस्तीचा सगळा हिशेब बदलतो. पाइप सुटला की त्याचं तोंड लगेच रबरी टोपीनं बंद करा. ऑईल रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, पाणी ओता. ग्लायकोल पाण्यात विरघळतं आणि रंग वाचतो.

उघडलेले भाग धुण्यासाठी पेट्रोल, डिझेल, रॉकेल यातलं काहीही वापरायचं नाही. ब्रेकची रबरं पेट्रोलियमच्या थेंबानंही फुगतात, मऊ पडतात आणि पिस्टन अडकतो. धुवायचं ते ताज्या ब्रेक ऑईलनं किंवा अल्कोहोलच्या स्पिरिटनं. गॅरेजात डिझेलचा डबा समोरच असतो आणि सवयीनं हात तिकडे जातो. तिथे मालकानं नम्रपणे पण ठामपणे, “मेस्त्री, ह्याला डिझेल नको,” असं म्हणायचं.

बोअर कसा बघायचा

इथे घाई करू नका, सगळा निर्णय इथेच होतो. सिलिंडर धुऊन कोरडा करा, एका तोंडाशी बॅटरी धरा आणि दुसऱ्या तोंडानं बघा. तपकिरी, काळपट डाग दिसतील. डागावरून नख फिरवा. नख अडकलं नाही तर तो नुसता डाग आहे, बोअर जिवंत आहे. नख अडकलं तर खड्डा आहे.

खड्डा कुठे आहे तेही बघायचं. व्हील सिलिंडरमध्ये दोन कपांच्या मधली जागा कप कधी ओलांडत नाही, तिथला बारीकसा खड्डा त्रास देत नाही. कप जिथे मागेपुढे होतो तिथला खड्डा मात्र, कितीही लहान असला तरी, सिलिंडर बाद करतो. आणखी एक गोष्ट खूप जणांच्या लक्षात येत नाही. लायनर झिजत जातात तसे पिस्टन बाहेरच्या बाजूला सरकत जातात आणि आतली जागा वर्षानुवर्षं गाळात पडून राहते. मग नवे लायनर बसवले की पिस्टन परत आत ढकलले जातात, कप त्या गंजलेल्या पट्ट्यावर येऊन बसतो आणि आठवड्याभरात गळती सुरू होते. लोक म्हणतात मेस्त्रीनं काम बिघडवलं. खरं तर लायनर बदलताना बोअर कुणीच बघितलेला नसतो. म्हणून नवे लायनर घालायचे असतील त्याच दिवशी व्हील सिलिंडर उघडून बघा.

नुसते डाग असतील तर बारीक होनिंग, म्हणजे फिरत्या दगडांनी बोअर हलकासा घासणं, चालतं, तेही ओतीव लोखंडाच्या सिलिंडरला. ब्रेक ऑईल लावून हलकं, काही सेकंदांचं. होन नसेल तर बारीक वॉटर पेपर बोटाला गुंडाळून गोल फिरवा, लांबीच्या दिशेनं कधीच नाही. उभे ओरखडे म्हणजे ऑईलला बाहेर यायची वाट. घासून घासून बोअर मूळ मापापेक्षा ०.१ मि.मी. च्या पुढे मोठा झाला तर तो सिलिंडर सोडून द्या. ॲल्युमिनियमच्या मास्टरला होनिंग करूच नये. त्याच्या बोअरवर ॲनोडायझिंगचा कडक थर असतो, तो गेला की खालचा मऊ धातू भराभर झिजतो.

कुठल्या भागाचं काय करायचं

व्हील सिलिंडर: मारुतीसारख्या गाडीचा नवा, चांगल्या कंपनीचा सिलिंडर सहज मिळत असेल आणि जुन्यात खड्डे असतील तर विचार न करता नवा घ्या. बोअर स्वच्छ असेल तर किट पुरे. एका चाकाचं काम निघालं की त्याच ॲक्सलच्या दुसऱ्या चाकाचंही करा. ऑईलनं भिजलेले लायनर भाजून किंवा पेट्रोलनं धुऊन परत बसवायची पद्धत आहे, ती धोक्याची आहे. एका बाजूचा लायनर कमी धरतो, दुसऱ्या बाजूचा जास्त, आणि ओल्या रस्त्यावर गाडी आडवी होते. दोन्हीकडचे लायनर नवे.

मास्टर सिलिंडर: इथे मी कडक आहे. नवा खात्रीचा मास्टर मिळत असेल आणि जुना मास्टर आत गळत असेल, तर नवा घ्यावा. बोअर खरोखर चकचकीत असेल तरच मेजर किट, म्हणजे पिस्टनसकट येणारं. मायनर किटमध्ये नुसती रबरं मिळतात आणि जुना झिजलेला पिस्टन नव्या रबराला पुन्हा खातो. टाकीकडे जाणारं बारीक छिद्र स्वच्छ आहे ना ते बघा, पण ते तार घालून मोठं करू नका. त्या छिद्राची कड खरबरीत झाली की कप दर वेळी तिच्यावर सोलला जातो.

कॅलिपर दुरुस्तीला सगळ्यात चांगला. त्यात सील बोअरच्या भिंतीतल्या खाचेत बसतो आणि घासतो तो पिस्टनवर, त्यामुळे बोअरवरचे थोडे डाग चालतात. पिस्टन मात्र निर्मळ हवा. क्रोम उडालेला पिस्टन टाकून नवा घ्यायचा, सील आणि डस्ट बूट नवे, खाच नीट खरवडून साफ. चौकोनी सील दाबाखाली किंचित पिळला जातो आणि पाय काढला की पिस्टन मागे ओढून घेतो. खाचेत गंज राहिला तर ही ओढ संपते आणि पॅड डिस्कला चिकटून राहतात. पिस्टन एअरनं काढणार असाल तर समोर लाकडाचा तुकडा ठेवा आणि बोटं लांब ठेवा, तो गोळीसारखा सुटतो.

क्लचच्या मास्टर-स्लेव्हला नियम तेच, पण इथे जिवाचा धोका कमी असल्यामुळे किटचा प्रयोग करून बघायला हरकत नाही.

रबरी होज दुरुस्त होत नाहीत, नवे घ्या. स्टीलच्या पाइपला गंजाच्या पापुद्र्या सुटल्या असतील तर अख्खा पाइप नवा, त्याच्या टोकांना दुहेरी फ्लेअर (दुमडून फाकवलेली कड) मारून. मधेच तोडून जोड देऊ नये. ए.बी.एस. चा (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) ब्लॉक घरी उघडू नये.

पॉवर स्टिअरिंगची गोष्ट वेगळी. बॉक्स किंवा रॅक गळत असेल तर सील किटनं बहुतेक वेळा भागतं आणि नव्याच्या मानानं खर्च फार कमी येतो. शाफ्टवर खड्डे असतील तर हार्ड क्रोम करून ग्राइंडिंग होऊ शकतं.

उद्यमबागेत जाताना

अँबॅसिडर, पद्मिनी, जुनी जीप अशा गाड्यांचे नवे मास्टर खात्रीचे मिळणं आता अवघड. तिथे स्लीव्ह मारणं हाच चांगला उपाय आणि त्यासाठी बेळगावसारखं गाव नाही. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथे लेथ, बोअरिंग आणि होनिंगची कामं रोजची आहेत. हायड्रॉलिक प्रेस बनवणारे कारखाने इथलेच. निपाणी-चिकोडीकडच्या माणसाला कोल्हापूरची शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एम.आय.डी.सी. जवळ पडते, तिथेही हे हात आहेत. जुना बोअर मोठा करून त्यात स्टेनलेस स्टीलची किंवा पितळेची स्लीव्ह दाबून बसवतात, छिद्रं पुन्हा पाडतात आणि मूळ मापाला होन करतात. नीट झालेली स्टेनलेस स्लीव्ह मूळ लोखंडापेक्षा जास्त टिकते, कारण तिला गंजच धरत नाही.

टर्नरला तीन गोष्टी कागदावर लिहून द्या. पहिली, मूळ माप. बॉडीवर अनेकदा ते इंचात ओतलेलं असतं: ३/४ म्हणजे १९.०५ मि.मी., ७/८ म्हणजे २२.२२ मि.मी. “थोडं मोठं झालं तर काय बिघडतं” असं कुणी म्हणालं तर हा हिशेब सांगा: मागच्या चाकाचा बोअर ३/४ वरून १३/१६ झाला की पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे १७ टक्क्यांनी वाढतं, तेवढाच जोर मागच्या चाकांवर जास्त येतो आणि पावसात मागची चाकं आधी लॉक होतात. दुसरी, छिद्रांची जागा आणि माप मूळचंच हवं. तिसरी, छिद्राची आतली कड गुळगुळीत हवी, बर (धातूची टोकदार कूस) राहता कामा नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इथल्या हायड्रॉलिकच्या माणसांचा हात चांगला आहे, पण त्यांचं रोजचं काम मिनरल ऑईलवर चालणाऱ्या यंत्रांचं आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या जॅकचं. त्यांच्याकडची ओ-रिंग आणि सील नायट्राइल रबराची असतात. ती पॉवर स्टिअरिंगला योग्य, कारण तिथे ए.टी.एफ. (ऑटोमॅटिक गिअरचं ऑईल) सारखं मिनरल ऑईल असतं. ब्रेक ऑईलमध्ये मात्र नायट्राइल टिकत नाही. ब्रेकला ई.पी.डी.एम. सारखं ग्लायकोल सोसणारं रबर लागतं आणि ते मिनरल ऑईलमध्ये फुगतं. मापाचं, दिसायला अगदी सारखं सील मोफत मिळालं तरी ब्रेकमध्ये घालू नका. उसाच्या हंगामात घरोघरी ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक ऑईलचे डबे असतात, त्यातलं ब्रेकच्या टाकीत चुकून जरी पडलं तरी मास्टर, होज, कॅलिपर, सगळ्यांची रबरं बदलावी लागतात. म्हणून स्लीव्ह उद्यमबागेत, रबर मात्र ब्रेकच्या किटमधलंच.

पार्ट घेताना

पी. बी. रोडला किंवा ऑटोनगरात दुकानात जाताना जुना पार्ट पिशवीत घालूनच न्या आणि गाडीचं साल सांगा. एकाच मॉडेलमध्ये मधल्या काळात बोअरचं माप बदललेलं असतं. डब्यावरच्या एम.आर.पी. लेबलावर महिना आणि वर्ष छापलेलं असतं, ते वाचा. जुन्या गाड्यांचे पार्ट दुकानात वर्षानुवर्षं पडून राहतात आणि सीलबंद डब्यातही रबर कडक होतं. असा जुना पण मूळ कंपनीचा सिलिंडर मिळाला तर सोडू नका, घ्या आणि आतली रबरं नवी घाला.

स्वस्त नकली सिलिंडर मी कधीच सुचवणार नाही. त्यांचा बोअर खरबरीत असतो, आटे नीट जुळत नाहीत. चांगला बोअर असलेला तुमचा जुना सिलिंडर आणि त्यात मूळ कंपनीचं किट, हे नकली नव्यापेक्षा कितीतरी भरवशाचं. ही एक गोष्ट दुकानदारांना पटवणं अवघड जातं, कारण नवा डबा विकणं सोपं असतं.

जोडणं आणि तपासणं

प्रत्येक रबर बसवताना ताज्या ब्रेक ऑईलमध्ये बुडवा किंवा ब्रेकचं खास रबर ग्रीस लावा. बेअरिंगचं ग्रीस चालत नाही. कपाची कड आत दुमडली नाही ना ते बघा. ऑईल सीलबंद डब्यातलंच घ्या, अर्धवट उघडा राहिलेला डबा वापरू नका. डॉट ३ लागणाऱ्या गाडीत डॉट ४ चालतं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

एअर काढताना मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ते साधारणपणे मागचं डावं असतं. ज्या गाड्यांचे दोन सर्किट तिरके (पुढचं एक चाक आणि दुसऱ्या बाजूचं मागचं चाक असे) जोडलेले असतात त्यांचा क्रम गाडीच्या पुस्तकात बघा. मास्टर जुनाच ठेवला असेल तर पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा. एरवी पेडल कधी पूर्ण तळाला जात नाही, त्यामुळे बोअरचा शेवटचा भाग गाळानं भरलेला असतो. एअर काढताना पेडल तळापर्यंत मारलं की कप त्या गाळात घुसून फाटतो. व्हील सिलिंडर बदलला आणि दोन दिवसांत मास्टर गेला, अशा तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

मग इंजिन बंद ठेवून पेडलवर पूर्ण जोर देऊन मिनिटभर धरा, नंतर इंजिन चालू करून पुन्हा तसंच. दुसऱ्या माणसानं प्रत्येक जोड, निप्पल आणि मास्टरचा मागचा भाग कोरड्या कागदानं पुसून बघायचा. कागद ओला झाला तर गाडी हलवायची नाही. पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, कमी वेगात. हायवेवर वंटमुरीचा घाट उतरायला किंवा गोव्याला जायला लगेच निघू नका. चार-पाच दिवस गावातल्या गावात चालवून ऑईलची पातळी रोज बघा, चाकं गरम होतात का ते हात जवळ नेऊन तपासा. त्यानंतर दर दोन वर्षांनी, पाऊस सुरू व्हायच्या आत, ऑईल पूर्ण बदला. काढलेलं जुनं ऑईल गटारात किंवा शेतात ओतू नका, बाटलीत भरून गॅरेजच्या जुन्या ऑईलच्या पिंपात द्या.

नवा सिलिंडर बसवला तरी जुनी ओतीव लोखंडाची बॉडी भंगारवाल्याला देऊ नका. ब्रेक ऑईलचा हात फिरवून, गाडीचं नाव, साल आणि बोअरचं माप लिहिलेली चिठ्ठी बांधून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. ज्या मॉडेलचे नवे मास्टर बाजारातून गेले, त्यांना पुढे स्लीव्ह मारायला हीच बॉडी लागते.